डावं-उजवं

मत्सर हा शब्द पुस्तकातला आहे. मला जे व्हायचं त्याला आमच्या घरी जळफळाट म्हणत. तो मला पंधरा वर्षं एकाच माणसाबद्दल अगदी नियमितपणे होत असे. टीव्हीवर ती जाहिरात लागली की व्हायचा. गुडगावकडे जाणारी बस दिसली की व्हायचा. कुणी सहज म्हणालं, "तुमच्या समोरच राहायचा ना तो?" की मी गोड हसून "हो ना" म्हणायचे आणि नंतरचा अर्धा तास माझं कशात लक्ष लागायचं नाही. कारण एकच. ज्या एका आवाजावर त्याने नाव कमावलं तो आवाज माझा होता, असं मी धरून चालले होते. त्याने एकदा, फक्त एकदा, चार लोकांसमोर म्हणावं की हा आवाज हिने शोधला, एवढंच मला हवं होतं. बाकी त्याचं बेसमेंट, त्याची गाडी, त्याचा जनरेटर त्याला लखलाभ. खरं सांगायचं तर जनरेटरचाही जळफळाट व्हायचाच. फरीदाबादला जून महिना काढून पाहा, म्हणजे कळेल.

आम्ही दिल्लीत आर. के. पुरमला सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. जिन्याच्या एका बाजूला आमचं दार, दुसऱ्या बाजूला त्यांचं. दोघांचे वडील केंद्र सरकारात, वेगवेगळ्या मिनिस्ट्रीत, पण सकाळी एकाच चार्टर्ड बसने जाणारे. त्याचे वडील साताऱ्याकडचे, आई मात्र कानपूरची, त्यामुळे त्यांच्या घरात मराठी फक्त पाहुणे आले की बाहेर निघायची. तो माझ्याच वयाचा, कॉलेजातही माझ्याच वर्षाला. त्याचं मराठी ऐकून माझी आई हसून हसून बेजार व्हायची आणि मग त्याला आणखी एक लाडू द्यायची. मी शुद्ध मराठी बोलायचे. मला त्याबद्दल कधी लाडू मिळाल्याचं आठवत नाही.

आमच्या घरात पेटी होती. आईच्या माहेरून आलेली, दुहेरी सुरांची, म्हणजे एक पट्टी दाबली की आतले दोन सूर एकदम वाजत. त्यातली एक ओळ वर्षानुवर्षांत किंचित उतरली होती. ती दुरुस्त करून आणा असं बाबा दर दिवाळीला म्हणायचे आणि आई नको म्हणायची. त्या उतरलेल्या सुरामुळे पेटी एकटी वाजत नाही, तिच्यासोबत कुणीतरी जरा मागे राहून गातंय असं वाटायचं. मी सहा वर्षांची असल्यापासून तिच्यावर शिकले. मंडळाच्या गणेशोत्सवात आरतीला पेटी माझी, हे ठरलेलंच असे.

पेपरात तेव्हा रोज देशाची दारं उघडल्याच्या बातम्या येत होत्या. आमच्या जिन्यात ती थोडी आधीच उघडली होती, कारण त्याचा काका जहाजावर होता. एका उन्हाळ्यात काकाने कुठल्याशा बंदरातून जुना सिंथेसायझर आणला. शिवणयंत्राच्या टेबलापेक्षा लांब, दोन्ही कडांना लाकूड, खाली काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आणि वर गोल बटणांच्या तीन ओळी. बाजारात जे छोटे कीबोर्ड मिळत त्यांत बासरी, व्हायोलिन असे तयार आवाज असत. यात तयार काहीच नव्हतं. विजेतून कच्चा आवाज निघायचा आणि बटणं फिरवून तो आपण घडवायचा. शिवाय आठ पट्ट्या एकदम दाबल्या तर आठही वाजत, जे असल्या जुन्या यंत्रांत फार थोड्यांना जमायचं, असं काका सांगून गेला. ते यंत्र चढवायला चार जण लागले. मी दारात उभी राहून ते वर जाताना पाहिलं, आणि पहिल्यांदा त्या मुलाचा मला खराखुरा राग आला. त्याला सा कुठे आणि रे कुठे हेसुद्धा धड माहीत नव्हतं.

"तू शिकव ना यार," तो त्याच संध्याकाळी म्हणाला. "मला बिल्कुल येत नाही."

मी गेले. रोज जायला लागले. आईने एकदा त्याच्या आईला माझ्यासमोर ऐकवलं, "वाजवण्यात आमची त्याच्यापेक्षा उजवी आहे हो, पण यंत्र पडलं तुमच्याकडे." त्याची आई मान डोलावून "हाँ हाँ, बिल्कुल" म्हणाली. तिला उजवी म्हणजे सरस हे कळलं असावं असं मला वाटत नाही.

त्याच वर्षीच्या गणपतीत महाप्रसादाची पंगत होती. आमच्या पिढीतल्या पोरांना वाढायला लावलं होतं. चटणीचं भांडं त्याच्या हातात आलं. माझ्या आईने सांगितलं, "डावीकडे वाढ हं, मिठाच्या शेजारी." पत्रावळीची डावी बाजू चटणी-कोशिंबिरीची आणि उजवी भाज्यांची, हे आपल्याकडे कुणी कुणाला शिकवत नाही, बघूनच येतं. हा गडी वाकून वाकून अख्ख्या ओळीला चटणी वाढत गेला, सगळ्यांना उजवीकडे, थेट बटाट्याच्या भाजीत. शेवटी एका आजींनी त्याचा हात धरला.

"अरे, हे काय? कुठे वाढतोयस?"

"डावीकडे. आंटीने बोललं ना, डावीकडे."

"मग ही काय डावी बाजू झाली?"

"हो ना. दायें."

दोन क्षण कुणाला कळेना, आणि मग सगळी पंगत हसायला लागली. डावा आणि दायाँ! हिंदीतला उजवा त्याने आमच्या डाव्याला चिकटवला होता. लोकांनी त्याला जवळ घेतलं, पाठ थोपटली, आजींनी गाल ओढला, आणि पुढचे दोन दिवस ज्याला त्याला तोच किस्सा सांगायचा होता. मी पलीकडे कोशिंबीर वाढत होते, सगळ्यांना बरोबर डावीकडे. माझ्याकडे कुणी बघितलं नाही. बघण्यासारखं त्यात काही नव्हतंच, पण मला ते लागलं.

यंत्रावर आम्ही वर्षभर बसलो. म्हणजे बटणं मी फिरवायचे आणि तो स्टूलवर बसून "वाह" म्हणायचा. त्या यंत्राचं एक दुखणं होतं. आत एक बॅटरी असे, तिच्या जोरावर ते आवाज लक्षात ठेवी. ती बॅटरी कधीच मेली होती, आणि ती डाखून, म्हणजे सोल्डर करून, बसवलेली असल्यामुळे दिल्लीत कुणी हात लावायला धजेना. वीज गेली की सगळं पुसलं जायचं, आणि आर. के. पुरमलाही वीज जायचीच. एखादा चांगला आवाज सापडला की मी बटणांच्या जागा कागदावर लिहून ठेवायला लागले.

त्यातला एक आवाज मला फार आवडायचा. मी तो आमच्या पेटीवरून काढला होता. यंत्रातही दोन सूर एकदम वाजवायची सोय होती, आणि वरच्या ओळीतल्या तिसऱ्या बटणाने दुसरा सूर थोडा चढवता किंवा उतरवता यायचा. बाकीच्या बटणांवर शून्य ते दहा आकडे होते, याच्यावर नुसती मध्यावर एक खूण. मी ते बटण डावीकडे केसभर वळवलं, दुसरा सूर उतरला, आणि आईची पेटी मोठी होऊन एखाद्या हॉलमध्ये वाजावी तसं झालं. म्हणजे मला तसं वाटलं. ज्या स्पीकरवर आम्ही ऐकत होतो त्याचा कागद एका बाजूने फाटलेला होता.

बाबा ऑफिसातून बाद झालेल्या हिरव्या नोटशीट आणायचे, पाठकोऱ्या. कार्बन लावल्याशिवाय आणि एक प्रत आपल्याकडे ठेवल्याशिवाय कागद हातातून सोडायचा नाही, हा त्यांचा नियम. त्यामुळे माझ्याही आवाजांची ऑफिस कॉपी असायची. त्या आवाजाच्या कागदावर बाकी सगळे आकडे होते आणि एका ठिकाणी शब्द: "वरची ओळ, तिसरं बटण: मधल्या खुणेपासून डावीकडे, केसभरच."

पुढच्या वर्षी मंडळाने ऑर्केस्ट्रा करायचं ठरवलं. सेक्रेटरी काकांच्या घरी बैठक झाली. पोहे झाले, चहा झाला, आणि काका म्हणाले, "आरतीला पेटी राहू द्या. ऑर्केस्ट्राला मात्र सिंथेसायझर पाहिजे. आता जमाना बदलला."

"मग मी वाजवते सिंथेसायझर," मी म्हणाले.

"पण बेटा, वाद्य त्याचं आहे ना. आणि तू आरतीला आहेसच की."

तो माझ्या शेजारीच बसला होता. वर्षभर कुणाच्या बोटांनी ते यंत्र चाललं हे त्याला माहीत होतं. तो पोह्यातले शेंगदाणे निवडत बसला. मला सरळ सरळ डावललं होतं आणि तेही सगळ्यांच्या प्रेमळ नजरेसमोर. मी "चालेल, काका" म्हणाले. घरी येऊन आईला म्हणाले की मंडळ डावं-उजवं करतं. आई म्हणाली, "अगं, असूयेने माणूस काळं पडतं." मग त्या रात्री मी हळद लावून झोपले, तिच्या नाकावर टिच्चून.

कार्यक्रमाच्या दिवशी माझं डोकं दुखलं. दुखत नव्हतं, पण दुखलं. समोरून त्याने दार वाजवलं तेव्हा मी आतल्या खोलीतून ओरडले, "मी येत नाही. कागद देते, त्याच्यावरून लाव." वरची प्रत मी आईच्या हाती पाठवली, कार्बनची पेटीच्या खोक्यात टाकली. मनात पक्कं होतं की त्याला काही जमणार नाही. ऐन वेळी आवाज फुटेल, लोक हसतील, आणि यावेळी गाल ओढायला कुणी येणार नाही.

आई परत आली ती डोळे पुसतच. "काय आवाज होता गं तो! काटा आला अंगावर. तूच काढलेला ना?"

"हो," मी म्हणाले. "मीच."

मला किती बरं वाटलं आणि किती वाईट वाटलं हे आजही एका वाक्यात सांगता येत नाही. आवाज माझा, टाळ्या त्याला. पुढली पंधरा वर्षं मी या चार शब्दांवर काढली.

त्या दिवशी श्रोत्यांत जाहिराती बनवणारे एक गृहस्थ होते. त्यांनी त्याला बोलावून घेतलं. तेव्हा यमुनेपलीकडे आणि गुडगावकडे जिथे मोहरीची शेतं होती तिथे फ्लॅट उभे राहत होते, आणि त्या फ्लॅटांना जाहिराती लागत होत्या. एका बिल्डरच्या जाहिरातीत एक बाई बाल्कनीचं दार उघडते आणि त्या आवाजात तीन सूर येतात. बस, एवढंच. पण केबलवर ती इतक्या वेळा लागायची की आमच्या ऑफिसातला चहावालासुद्धा ते तीन सूर शिट्टीवर काढायचा. मग दुसरी जाहिरात, मग पेजरची, मग कुठल्या मसाल्याची. तो गुडगावला राहायला गेला. मी मिनिस्ट्रीत असिस्टंट म्हणून लागले, लग्न करून फरीदाबादला आले, आणि रोज बदरपूर बॉर्डरच्या ट्रॅफिकमध्ये कुणाच्या ना कुणाच्या रेडिओवर ते तीन सूर ऐकत बसले. आवाज जरा वेगळा, जास्त उजळ वाटायचा. स्टुडिओत घासूनपुसून घेतला असेल असं मी समजून चालले.

मंडळाच्या स्मरणिकेत त्याची मुलाखत आली. हा आवाज कसा सापडला, या प्रश्नाला त्याचं उत्तर होतं: असाच, अपघाताने. ते वाचून मी स्मरणिका भाजीच्या पिशवीत खाली घातली आणि वर वांगी ठेवली. अपघात! वर्षभर मी त्या स्टूलशेजारी उभी होते, ते काय रस्त्यात आडवी आले होते?

यंत्राचं पुढे वाईट झालं. त्याच्या वडिलांनी क्वार्टर सोडायच्या आधीच्या उन्हाळ्यात ते खिडकीखाली ठेवलेलं होतं आणि खिडकीत कूलर होता. कूलरची नळी निसटली, दिवसभर पाणी ठिबकत राहिलं. ते कबाडीकडे गेलं असं त्याच्या आईकडून कळलं. मला वाईट वाटायला हवं होतं. मला वाटलं, बरं झालं, आता कुणाकडेच नाही.

मग एक दिवस त्याचा फोन आला. मोबाइलवर इनकमिंग फुकट झालं होतं आणि गुडगावला अजून मेट्रो पोचली नव्हती, त्या सुमाराची गोष्ट.

"सुन, आपला सिंथ आठवतो? परत आलाय यार."

कबाडीकडून, असं मला क्षणभर वाटलं. तसं नव्हतं. कुणी परदेशात तोच सिंथेसायझर नव्याने बनवला होता. आतली घडण तशीच, बटणं तशीच, पण आता लोखंडी चौकटीत स्क्रूने बसवायचा एक चपटा डबा. पट्ट्या नाहीत. वाजवायचं असेल तर दुसरा कुठलाही कीबोर्ड वायरने जोडायचा. आई तेव्हा माझ्याकडे राहत होती. तिला सांगितलं तर म्हणाली, "पट्ट्याच नाहीत? मग ती पेटी कसली, नुसतं खोकं."

"आणि ऐक," तो पुढे म्हणाला, "त्याच बिल्डरची नवी स्कीम येतेय, सोहना रोडला. त्यांना तोच आवाज पाहिजे, एकदम फ्रेश, जुनं रेकॉर्डिंग नको. मी चार दिवस बसलोय. सेटिंगच आठवत नाही, माझा कागद जुन्या सिंथबरोबरच गेला. तू लिहून दिलं होतंस ना?"

तू लिहून दिलं होतंस. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बघते," मी म्हणाले, "सापडलं तर."

सापडायचं काय होतं? पेटीच्या खोक्यात, भात्याखाली, तो कागद मी पंधरा वर्षं पुराव्यासारखा जपला होता. दर दसऱ्याला पेटी पुसायची तेव्हा उघडून वाचायचे आणि पुन्हा घडी घालायचे. रविवारी चांगली साडी नेसले, कागद पर्समध्ये घातला, आणि अरवलीच्या खाणींमधून जाणाऱ्या रस्त्याने शेअर जीपमधून गुडगावला गेले. तोंडावर रुमाल बांधला होता तरी दातांखाली धूळ येत होती. पूर्ण रस्ता मी मनात वाक्यं जुळवत होते. शेवटी एकच ठरलं: आधी आवाज काढून द्यायचा, मग विचारायचं की आता तरी सांगशील का.

त्याचं बेसमेंट थंडगार होतं. भिंतींना गालिचा, जमिनीला गालिचा, आणि मध्ये चौकटीत तो डबा. मी जवळ गेले. वर बटणांच्या त्याच तीन ओळी, त्याच क्रमाने, आकाराने फक्त लहान. मला एकदम रडूच आलं आणि ते लपवायला मी पर्समध्ये चष्मा शोधायला लागले. त्याच्याकडे हे सगळं असावं, आणि त्यातला आवाज आमच्या पेटीतून आला हे त्याला माहीतही नसावं!

"तू लाव, मी चाय घेऊन येतो," तो म्हणाला. "आणि एक सांगू? या वेळी क्रेडिटमध्ये तुझं नाव टाकणार. मी बोललोय त्यांना. साउंड बाय, आणि तुझं पूर्ण नाव. मागच्या वेळी डोक्यातच आलं नाही यार. सॉरी."

एवढं म्हणून तो जिना चढून गेला. मी पंधरा वर्षं ज्यासाठी दात-ओठ खाल्ले ते त्याने जिन्याच्या दुसऱ्या पायरीवरून देऊन टाकलं. मला अर्थात त्याचाही राग आला.

मी कागद उघडला आणि एकेक बटण लावलं. आकडे सगळे जुळले. वरची ओळ, तिसरं बटण, डावीकडे केसभर. कीबोर्डवर ते तीन सूर वाजवले.

तो आवाज नव्हता. जवळचा होता, सख्खा भाऊ म्हणा, पण तो नव्हता. मऊ, थोडा थकलेला, कुणीतरी मागे राहून गातंय असा. मी पुन्हा पहिल्यापासून सगळं तपासलं. पुन्हा वाजवलं. आता फाटका स्पीकर नव्हता, तेव्हा दोष कशावर ढकलायलाही जागा नव्हती. वाजत होती ती आमची पेटी होती. बाल्कनीचं दार हिच्यावर कुठल्याच बाईने उघडलं नसतं.

मी कागदाकडे पाहत राहिले. माझंच अक्षर, कार्बनचं, जांभळट. तिसरं बटण: मधल्या खुणेपासून डावीकडे. आणि मला ती पंगत आठवली, बटाट्याच्या भाजीतली चटणी. डावीकडे. हो ना, दायें.

मी ते बटण मधल्या खुणेवर आणलं आणि तेवढंच, केसभर, उजवीकडे वळवलं. दुसरा सूर वर चढला. तीन सूर वाजवले आणि बेसमेंटभर तो आवाज उभा राहिला, उजळ, ताजा, आईच्या अंगावर काटा आणणारा. त्याचा आवाज. मी त्या दिवशी डोकं दुखण्याचं सोंग केलं नसतं तर तो जन्मालाच आला नसता. मी असते तर बटण बरोबर लावलं असतं.

"यही! यही तो है!" तो जिन्यातून ओरडत आला, बशीत निम्मा चहा सांडलेला. "बघितलंस? मी बोललो ना, तुझ्याशिवाय होणार नाही! थांब, हात लावू नकोस, सेव्ह करतो. या नव्यात सेव्ह होतं." त्याने एक छोटं बटण दाबलं, पडद्यावर इंग्रजी अक्षरं लुकलुकायला लागली. "नाव काय देऊ? तुझंच देतो."

गप्प राहणं किती सोपं होतं. नाव येणार होतं, कागद माझ्याच अक्षरातला होता, आणि जगात दुसऱ्या कुणाला कळायचं कारण नव्हतं. मी चहाचा घोट घेतला.

"डावा," मी म्हणाले.

त्याने एकेक अक्षर लावलं. डी, ए, व्ही, ए. मग मोठ्याने वाचलं, "दवा. अच्छा आहे! टेन्शनची दवा."

"दवा नाही रे. डावा. डावा म्हणजे लेफ्ट."

"लेफ्ट?" तो हसला. "डावा म्हणजे राइट ना? दायाँ."

मी कागद त्याच्यासमोर धरला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. मग डब्यावरच्या तिसऱ्या बटणावर. त्याने कागद वाचला, बटण पाहिलं, परत कागद वाचला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत गेलं.

"म्हणजे तू जो लिहिला होतास," तो म्हणाला, "तो हा नाहीच?"

"नाही."

"मग तो कुठला?"

मी बटण डावीकडे वळवलं आणि वाजवून दाखवला. त्याने डोळे मिटून, मान जरा वाकवून, शेवटचा सूर विरेपर्यंत ऐकला. त्याची आई भजन ऐकायची तसा.

"हा पण अच्छा आहे," तो म्हणाला.

इतक्या प्रेमाने म्हणाला की मला चहाची बशी त्याच्या गालिच्यावर आपटावीशी वाटली. पंधरा वर्षं मी चुकीच्या गोष्टीवर जळत होते. त्याने माझं काही घेतलंच नव्हतं. आता खरं कारण समोर होतं आणि जळफळाट कमी व्हायचा सोडून पहिल्यापेक्षा वाढला होता. माझ्या बरोबर लिहिलेल्या ओळीपेक्षा त्याची चूक सुंदर होती, आणि तिच्यासाठी तो पंधरा वर्षं अपघात हाच शब्द वापरत होता, जो अगदी खरा होता.

"क्रेडिट तुझंच राहील," तो म्हणाला. "तू लिहिलंस म्हणून तर मी चुकलो."

"नको," मी म्हणाले. "तुझं नाव टाक."

त्याने वाद घातला नाही. पडद्यावरचं नाव पुसायला लागला आणि मध्येच थांबून विचारलं, "मग राइटला मराठीत काय बोलतात? तेच देतो."

"उजवा."

"उजवा," तो म्हणाला. मग पुन्हा एकदा, पाठ करत, "उजवा." आणि एकेक अक्षर लावत गेला. अक्षरं बरोबर लावली आहेत का ते मी बघितलं. त्या शब्दाचा दुसरा अर्थ मी त्याला सांगितला नाही.